पाऊणकी

शहाऐंशी साली जयगडला, मच्छीमार सोसायटीत,
बर्फाच्या कारखान्याला चिकटलेल्या खोलीत
मशीन आलं.
पडदा म्हणून चेअरमनच्या घरचा जुना टीव्ही,
साठवायला टेपरेकॉर्डर,
आणि चालवायला मी,
रत्नागिरीला तीन महिने बेसिक शिकून आलेली.
पगार दोनशे ऐंशी.

डिझेल कुणी किती उचललं, बर्फाच्या लाद्या, उधारी,
एवढंच काम सांगितलं होतं.

उस्मानचाचा सोलकर दारातच उभे राहायचे,
पायांना वाळू म्हणून आत यायचे नाहीत.
एकदा म्हणाले, "ह्याला भरती कळते का?"
म्हटलं, शिकवली तर.
तर शिकवली त्यांनी, दारातूनच:
तिथीची पाऊणपट करायची,
येईल तितक्या वाजता पाणी भरलेलं.
पंचमीला पावणेचार. अष्टमीला सहा.
बापाने त्यांना एवढंच दिलं होतं,
आणि एक गळका मचवा.

मी चार ओळी लिहिल्या.
१० तिथी विचार.
२० तिला तिनाने गुण, चाराने भाग.
३० छाप.
४० परत १० वर जा.

मशीन म्हणालं, पंचमीला तीन.
षष्ठीला चार.
चाचा हसले. पुढचे दोन दात नव्हते.
"पोरी, तुझ्या पेटीला पाऊणकी येत नाय."

खरंच येत नव्हती.
स्वस्तातलं मशीन, फक्त पूर्णांक ओळखणारं,
पाव, अर्धा, पाऊण, सगळं मुकाट्याने गिळायचं.
रात्रभर विचार करून मी तासांची मिनिटं केली.
तिथी गुणिले पंचेचाळीस,
साठाने भाग,
उरेल ते वेगळं छाप.
सकाळी पावणेचार आले, बिनचूक.

त्याच युक्तीने मग वाटे बसवले.
तांडेलाचा दीड, खलाशाचा एक,
भांडी घासणाऱ्या पोराचा अर्धा.
सगळ्यांचे दुप्पट धरले:
तांडेल तीन, खलाशी दोन, पोर एक.
हाती तेवढेच पैसे आले त्याच्या, पण
कागदावर पहिल्यांदा तो अख्खा होता.
छापलेली पट्टी मागून नेली त्याने.

खाऱ्या वाऱ्याने आधी शून्याची कळ खाल्ली.
कॅसेटवर चेअरमनच्या जावयाने
लग्नातला बँड भरला.
तेव्हापासून सगळं वहीत,
लाल कापडी पाठीच्या, लांबट खतावणीत.
वहीला वीज लागत नाही.
तिच्यातून ते नांदिवड्याच्या शाळेत गेलं, दोन शब्द बदलून.
तरीतून पलीकडे, गुहागरच्या बँकेत,
मॅनेजर जेवायला गेला होता तेवढ्या वेळात चाललं.
मशीनं वेगळी, कंपन्या वेगळ्या,
एकाला हिरवी अक्षरं, एकाला पांढरी,
पंचमीला सगळीकडे पावणेचार.

चाचांचा मुलगा पानं उतरवून बहारीनला घेऊन गेला.
पत्र आलं:
इथल्या मशीनवर जसंच्या तसं चालतंय,
फक्त पाणी चुकतंय.

मी लिहिलं, पाणी तिथलं आहे, इब्राहिम.
पुनवेला तिकडे किती वाजता भरतं
ते धक्क्यावरच्या कुणाला तरी विचार
आणि ओळ १५ वर घाल.
१५ मी रिकामीच ठेवलेली.
ओळींना दहा-दहाने आकडे देतात ते यासाठीच,
मागाहून कुणी आलं तर
दोघांच्या मध्ये बसायला जागा असावी.

आता सोसायटीत तिसरं की चौथं मशीन आहे.
त्याच्या पोटातल्या ओळी कुणी दाखवत नाही,
बिघडलं की पनवेलहून माणूस येतो.
चाचा कबरस्तानात आहेत, उतारावर,
तिथून खाडीचं तोंड दिसतं.

आज पंचमी.
इब्राहिमचा धाकटा फोन पुढे करतो,
भरती तीन बावन्न.
मी बोटांच्या पेरांवर मोजते, पावणेचार.
सात मिनिटांचा फरक.

आम्ही दोघं धक्क्यावर बसून आहोत.
पाणी तिसऱ्या पायरीला लागलंय,
चौथीच्या कडेवर एक कुर्ली
अजून हललेली नाही.