डोळ्यातलं खोकं

फ्लॅश माझा मीच बांधलाय.
तीन मोडक्या कॅमेऱ्यांच्या पोटातले कपॅसिटर,
स्कूटरच्या हॉर्नचं बटण,
आणि दिवाळ्याच्या मासळीबाजारातून उचललेलं
थर्मोकोलचं खोकं,
तीनदा धुऊनही ज्याचा सुरमईचा वास जात नाही.

दिवसा मी तुर्भ्याला यूपीएस दुरुस्त करतो.
तिथं पहिल्या आठवड्यात एकच शिकवतात:
वायर काढली म्हणजे विझलं असं समजू नकोस,
आत भरलेलं असतं बराच वेळ.
माझ्या उजव्या अंगठ्यावर
त्या भरलेल्याची पांढरी सही आहे.

चांगुणामावशीला फोटो हवा होता भिंतीसाठी.
म्हणजे नंतरसाठी.
"पोरा आधार कार्डावरचा मोठा करतीन," म्हणाली,
"त्यान मी चोरावानी दिसतंय."
फ्रेमचं मापही तिनंच सांगितलं, सोळा बाय वीस,
बाजारात हार त्या मापाचे तयार मिळतात.

घणसोलीची आमची वन रूम किचन.
कपाटावरून काळं परकराचं कापड सोडलं,
तिला बसवलं गॅसच्या टाकीवर, उशी घालून.
ट्यूब बंद, पंखा बंद.
खोकं डावीकडून, कपाळाच्या वर हातभर;
उजवा गाल अंधाराला देऊन टाकला.
फ्लॅश भरताना बारीक वाजतो,
डासासारखा, चढत चढत.
"चावंल काय रं यो?" तिनं विचारलं.
विचारताना जो चेहरा झाला
तो मी घेतला.

कॅमेऱ्यामागे येऊन बघून म्हणाली,
"आरदाच तोंड कारलास?
मंग पैसं पन आरदंच देन."

रात्री रिटचिंगला बसलो.
घाम पुसला. कानामागे राहिलेली पावडर पुसली.
मानेवरचा मस राहू दिला.
बर्फानं उललेल्या बोटांना हात लावला नाही,
ती तशीही सावलीत होती.
नाकाच्या धारेवरचा उजेड अर्धा स्टॉप खाली,
पाटल्यांचा अर्धा वर.
(पाटल्या खोट्या आहेत. खऱ्या कुठल्या सोनाराकडे
पडून आहेत तेही मला माहीत आहे.
तिरप्या उजेडात तेवढं कळत नाही.)

मग तीनशे टक्के मोठं केलं
आणि डाव्या बुबुळात सापडलं ते:
पांढरा चौकोन, एक कोपरा तुटलेला.
आमचं खोकं.
शेजारी माझं कोपर,
मागे अंधारात कुकरच्या झाकणाची एक रेघ.

कॅचलाइट म्हणतात. ठेवायचा असतो,
पण गोल करून, नीटस,
महागड्या छत्रीतून आल्यासारखा.
मी ब्रश घेतला, आधी खोकं पुसलं,
आणि चांगुणामावशी
माझ्यासमोर, रात्री दीड वाजता,
गेली.

बाकी काही हललं नव्हतं.
ओठाचा कोपरा अजून विचारत होता, चावंल काय;
विचारणारी नव्हती.

कंट्रोल झेड.

गोल करून पाहिला.
आली परत, पण कुणाच्या तरी
बंगल्यात बसल्यासारखी, पाय न टेकता.

कंट्रोल झेड.

कोपर तेवढं काढलं.
पाणी प्यायलो. कोपर परत ठेवलं.

प्रिंट तिनं चष्मा लावून वाचली, वाचलीच,
वरच्या कडेपासून खाली.
"डोल्यान ह्यो काय?"
खोकं, मावशी. तुमच्याच बाजारातलं.
"कोनाचा? त्याला पैसं दिलंस का?"

फोटो आत्ताच लावलाय, टीव्हीच्या वर.
हारासाठी दोन खिळेही मारून घेतलेत दोन्ही बाजूंना,
पुन्हा कोण सुतार बोलावणार.
एकाला सध्या नातवाच्या रिक्षाची किल्ली असते.
दुसरा मोकळा आहे.