तिसरं नाव

खण ओढला की आधी येतो डांबरगोळ्यांचा वास,
मग, जरा उशिरानं, जुन्या पिसांचा.
सुन्वा हातमोजे चढवते आणि मोजायला बसते.
पंख, त्रेपन्न मिलिमीटर.
चोच, चौदा.
शेपटीचं काही खरं नाही.
जन्मभर ताठ उभी धरलेली ती
मेल्यावर कुणीतरी आडवी केली आहे.

डोळ्यांच्या जागी कापूस.
पायाला दोरा, दोऱ्याला लाल चिठ्ठी,
चिठ्ठीवर तीन नावं, लॅटिन.
पहिलं सांगतं : गुहेत राहणारा.
दुसरंही सांगतं : गुहेत राहणारा,
जणू पहिल्या खेपेला कुणी ऐकलंच नव्हतं.
आणि तिसरं नाव
सुन्वाच्या पणजोबांचं.

हानुस.
फेरो बेटांपैकी अगदी कडेच्या एका बेटावर,
अकरा घरं, एक दीपस्तंभ, त्या दिव्याचा राखणदार.
मेंढ्यांच्या दगडी गडग्यावर बसून
आपल्या आकाराला न शोभणाऱ्या आवाजात
गात होता हा,
तो त्यानं टिपला. मीठ लावलं.
तंबाखूच्या डब्यात घालून कोपनहेगनला धाडला.
इथल्या साहेबांनी भिंग लावलं आणि ठरवलं :
बाकीच्या बेटांवरच्यापेक्षा दोन मिलिमीटर मोठा,
रंगानं बराच काळा,
म्हणजे हा वेगळा.
कुळ तेच, जात तीच, पण उपजात नवी.
हानुसच्या नावापुढे त्यांनी एक ई जोडली.
ती ई म्हणजे लॅटिनची षष्ठी :
हानुसचा.
ज्यानं मारला, त्याचाच.
बारसं झालं तेव्हा बाळ
तीन महिने मेलेलं होतं.

साहेबांचं पत्र अजून आहे,
आईच्या स्वयंपाकघरात, काचेमागे,
भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाला लागून.
दान्यालमामा पाहुण्यांना सांगतो,
कुणाच्या घरात बोट असते, कुणाच्या घरात पाद्री,
आमच्या घरात एक पक्षी आहे.

सुन्वानं दोन उन्हाळे त्या बेटावर जाळी लावली.
त्रेचाळीस पक्षी, प्रत्येकाचा रक्ताचा एक थेंब,
आणि मुठीत त्रेचाळीस वेळा
ते वेड्यासारखं धडधडणं.
पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकाखाली एक लावल्या.
कुठे रेघ मारावी, अशी जागाच सापडेना.

आज तिनं कापसाचा बोळा ओला केला,
पणजोबांच्या पक्ष्याच्या छातीवरून
एकदाच, अगदी हलका, फिरवला.
बोळा काळा झाला.
पुन्हा फिरवला. पुन्हा काळा.
खाली तपकिरी पट्टे निघाले, चारचौघांसारखे.
दिव्याच्या खोलीतल्या शेगडीवर
सुकायला टांगला असणार त्यानं.
काजळी.
आणि ते दोन मिलिमीटर?
ओलं कातडं ताणलं की भरतात तेवढे.

ती हसली. मग हसू थांबवून
दारापलीकडे कुणी आहे का, पाहिलं.

निबंधात एकच वाक्य पुरलं :
हे नाव यापुढे वेगळं धरू नये.
नाव पुसलं जात नाही, एवढा या शास्त्राचा नियम बरा.
समनामांच्या यादीत, बारीक टाइपात,
म्हाताऱ्या नातेवाइकासारखं ते बसून राहतं.
लाल चिठ्ठीही राहते.

रात्री आईला फोन.
आई बराच वेळ काही बोलली नाही,
मागे केटलीची शिट्टी, मग तीही बंद.
"मग आता त्याला म्हणायचं काय?"
"बाकीच्यांना म्हणतात तेच. उत्तरेकडचा."
"कशाच्या उत्तरेकडचा?
आपण तर इथेच आहोत."

सुन्वाला उत्तर सुचलं नाही.
"पत्र काढू का भिंतीवरून?"
"नको," ती म्हणाली, आणि लगेच,
"तुला हवं तर."

तेवढ्यात तिकडे काहीतरी खडखडलं.
मटण सुकवायच्या खोपटाच्या फळ्यांतून
वाऱ्याबरोबर आत शिरला होता कुणी,
माश्या टिपायला.
आईनं फोन तसाच ओट्यावर ठेवला,
दार उघडल्याचा आवाज आला,
मग तिचा, लांबून, बेटावरचे सगळे
त्याला ज्या नावानं हाकलतात त्या नावानं :
"चल, नीघ, उंदराच्या भावा!"

आणि त्यावर तो काय म्हणाला
हे कोपनहेगनपर्यंत स्वच्छ ऐकू आलं.