वरवंटा

शिरवण्याच्या शेडमध्ये मी पेट्या भरतो.
पारसिकच्या पोटातून ड्रिलने ओढून काढलेला दगड
ओल्या फडक्याने पुसायचा, खडूने खोली लिहायची:
बारा मीटर, काळा, घट्ट.
एकवीस, फोडांचा, फोडांत पांढरे स्फटिक.
एकोणतीस, वीतभर लाल माती,
दोन लाव्ह्यांमधली सुट्टी.

तिम्मव्वा दुपारी झाडायला येते.
तिचा नवरा तुर्भ्याच्या खाणीत सुरुंग भरायचा.
खाण बंद झाली, पाणी साचलं,
आता पोरं त्यात सूर मारतात.

आज तिने पिशवीतून वरवंटा काढला.
"बघा की, ह्यो कुठल्या जातीचा?"
आणि स्वतःच हसली. "मलाच इचारत्यात समदे.
म्हटलं, एकदा दगडाला इचारावं."

हिरवट. मस्कीकडचा, माहेरचा.
एका अंगाने झिजून चपटा,
त्या अंगात चाळीस वर्षांची मिरची.

मी भिंग लावलं.
समुद्राच्या तळाशी लाव्हा वर आला होता,
पाण्याने त्याच्यावर झटकन साल धरली,
उशांसारखे गोळे, एकावर एक रचलेले.
मग जमिनीने ते दाबले, शिजवले, पिळले,
इतके की काळ्याचं हिरवं झालं.
तेव्हा मासा नव्हता. गवत नव्हतं.
डोळाच नव्हता कुणाला,
हिरवं म्हणणार कोण?

"अडीचशे कोटी वर्षं," मी म्हणालो. "वर थोडी."
"आन् ह्यो?" पेटीकडे हनुवटी.
"साडेसहा कोटी."
"मंजी तान्हंच की."
मग जरा थांबून,
"पाटा तुर्भ्याचा हाय माझा. त्यानंच टाकी मारलेला.
म्हातारी रोज लेकराच्या पाठीवर रगडतीया."

मी म्हणालो, एक काप काढू दे,
नखाएवढा, काचेवर चिकटवून
आरपार दिसेल इतका पातळ.
तिने दगड हातात तोलला.
"आईकडं व्हता तवा ह्यो बोटभर जाड व्हता.
तेवढा गेला."
"कुठे?"
तिने पोटावर थाप मारली.
"माज्या, त्याच्या, दोघी पोरींच्या.
आता तुम्हाला कशाला वाटा?
रातच्याला ठेचा करायचाय."

ती गेली. मी पुढची पेटी ओढली:
तेहतीस मीटर, काळा, घट्ट.
भिंग डोळ्याला लावलं
आणि मिरची लागली.

तासभर डोळा चुरचुरत होता.
नोंदवहीत त्यासाठी रकाना नाही.