निव्वळ वजन

ओरोसच्या ऑफिसात जाशील तेव्हा, अक्षता,
कागदांची पिशवी मांडीवरच ठेव.
मी ओरोसला उतरले होते,
माझी पिशवी कणकवलीला गेली.

फोटो, आधार, शंभर रुपये, एवढंच लागतं
असं खिडकीतली मुलगी म्हणाली.
मग म्हणाली, आणि जागेचा पुरावा.
तिथं आपली होडी रुतली.
घरपट्टी अजून धाकू पुनाजीच्या नावावर,
तो माझं लग्न ठरायच्या आधीच गेला.
सातबाऱ्यावर एकतीस नावं.
त्यातली नऊ स्वर्गात, सतरा मुंबईत,
उरलेल्या पाचांत बोलणं नाही.
नालासोपाऱ्याच्या चुलतदिराने सहीच्या बदल्यात
दोन बाटल्या आगळ मागितलं.
दिलं.
वहीत पहिली ओळ तीच आहे: दोन बाटल्या, शून्य रुपये.

साहेब तपासणीला आले, चपला पायरीखाली काढल्या,
ते मला बरं वाटलं.
ओट्याकडे बघितलं, मोरीकडे बघितलं,
मांजराकडे जरा जास्तच वेळ.
आमचं नाही हो ते, मी म्हटलं,
आणि मेलं तेव्हाच माझ्या पायाला अंग घासून गेलं.

विहिरीचं पाणी तपासून आणा.
नखं कापा. केस बांधा.
सुकटाची बरणी आगळाच्या फळीवर नको,
एकीला तपकिरी त्रिकोण, दुसरीला हिरवा ठिपका.
मी मान हलवत होते.
ओल्या हाताने लोणच्याला शिवले म्हणून
सासूने दोन दिवस अबोला धरला होता माझ्याशी,
तिला कुठे ठाऊक,
ती बिनपगारी सरकारी नोकरी करत होती.

घटक लिहायचे ते वजनाच्या उतरत्या क्रमाने,
जे जास्त ते आधी.
रातांब्याचा रस.
मीठ.
झालं.
पेन हातात तसंच राहिलं.
आठ दिवसांचं ऊन, रोजचं ढवळणं,
त्या वर्षी मेमध्येच निवतीला आभाळ भरून आलं
आणि मध्यरात्री पिंप आत ओढताना मनगट मुरगळलं,
ते कुठल्या ओळीत बसवू?
निव्वळ वजन सातशे मिली, एवढं लिहून पुढे गेले.
ते वजन नव्हे, माप, असं पोरगा म्हणतो.
असू दे. बाटली तेवढीच भरते.

'कधीपर्यंत वापरावे' याच्यापुढे
मी आधी लिहिलं होतं, वास बदलेपर्यंत.
साहेब हसले नाहीत. तारीख घाला, म्हणाले.
आता घालते. वाणी बघतो, चाकरमानी बघतात.
मी अजून बूच काढून नाक लावते,
तूही लाव. कुणाला सांगू नकोस.

महिन्याभराने नंबर आला, चौदा आकडी.
ह्यांचा मोबाईल मला पाठ नाही,
ट्रॉलरवर असतात तेव्हा लागतही नाही.
हे चौदा आकडे मात्र झोपेतून उठवलंस तरी सांगेन.

आणि एक बाटली बिनलेबलाची ठेव, खिडकीजवळ.
शेजारची भागीरथी वाटी घेऊन येते,
गो, जरा आगळ दी, सोलकढी करूची हा.
वाटीला ना नंबर, ना तारीख, ना ठिपका.
पण मीठ जरा कमी पडलं
तर दिवे लागायच्या आत
बंदरापासून देवळापर्यंत सगळ्यांना कळतं.
साहेब वर्षातून एकदा येतात.
भागीरथी रोज येते.