तेलाचा रकाना

औशाच्या तहसिलीत
फसली तेराशे सत्तावन-अठ्ठावनचं एक दफ्तर
मी मराठीत उतरवलं.
पगार सत्तावीस रुपये; हाली आणि कलदार
तेव्हा एकाच खिशात वाजायचे.
उर्दू उजवीकडून यायची, मराठी डावीकडून निघायची,
मध्ये जिथे दोघी अडायच्या
तिथे मी बसलेला, टाक घेऊन.

पान एकवीस. काळेश्वराच्या नंदादीपाला
तेल, दरमहा अडीच शेर.
त्याखाली : दर्गा खाकी शाह, चिरागीसाठी
तेल, दरमहा अडीच शेर.
दोन्ही करडीचं. घाणा एकच, मार्तंड तेल्याचा.
खातं : उमूर-ए-मजहबी.

इथे मी थांबलो.
धर्मखातं लिहावं, तर नव्या सरकारला धर्म नाही
असं शाळेच्या पटांगणात परवाच सांगितलेलं
झेंड्याखाली,
आधी नारळ फोडून.

कुणाला वाटेल जुनं बरं होतं,
तर त्यानं पान बावन्न पाहावं.
लिंगाप्पा गुरवाची अर्जी, कळस बसवण्याबाबत.
तेराशे एकोणचाळीस : जेर-ए-गौर.
चाळीस : जेर-ए-गौर.
एक्केचाळीसला कागद उंदरानं खाल्ला, म्हणून नवी अर्जी.
अठरा वर्षं लिंगाप्पा पोळा झाला की यायचा,
पायरीवर पागोटं काढून बसायचा.
शिखरावर बसायला कावळ्याला परवानगी लागत नव्हती,
कळसाला लागत होती.
पुढे त्याचे डोळे गेले. मग पोरगा हात धरून आणायचा.

भादव्यात फौजा आल्या.
कळस तीन दिवसांत चढला, अर्जीवाचून.
आंधळ्या लिंगाप्पाला शिडीवरून वर नेला
हातानं चाचपायला.
तो रडला. खाली उभे होतो ते आम्हीही.

त्याच तीन दिवसांपासून
बंदगी अली मुजावर तेल न्यायला आला नाही.

सहीच्या रकान्यात काहीतरी शेरा हवा.
पेशकार माझ्याकडे न बघता म्हणाले, गैरहजर लिहा.
आबान : गैरहजर.
आजूर : गैरहजर.
दै, बहमन, इस्फंदार.
अक्षर माझं आधीपासूनच चांगलं,
त्या वर्षी तर फारच वळणदार आलंय.

मग मद्रासकडून वेंकटरंगम साहेब आले.
दोन्ही भाषा येत नव्हत्या, म्हणून
कुणाच्याच बाजूचे नव्हते.
एकवीस नंबरचं पान समजावून घेतलं, चष्मा पुसला,
विचारलं, सरकारनं दिव्यात तेल का घालावं?
कुणाच्याही?
हुकूम निघाला दीड ओळीचा. दोन्ही बंद, सारखेच.

तो हुकूम मला आवडला.
अजूनही आवडतो, खोटं कशाला बोलू.
सरकारनं आड खणावा, रस्ता करावा,
देवाचं देवानं बघावं.
गावानंही मनावर घेतलं, घरटी एक पळी तेल,
काळेश्वराची वात एक रात्रसुद्धा विझली नाही.
दुसरीकडे हुकूम पोचला तेव्हा
बंद करण्याजोगं काही उरलं नव्हतं.
कोनाड्यात कुंभारमाशीनं घर केलेलं.

पोचवायला मीच गेलो.
हाजराबी उंबऱ्यात लसूण सोलत होती.
मी हुकूम वाचला, आधी मराठीत, मग तिच्या बोलीत.
तिनं नीट ऐकून घेतलं.
"सरकार बंद करी बोल्ते, ठीक है.
उसके पहले कौन बंद करा,
वो बी लिखे क्या?"

मी शाईची डबी पुढे केली, अंगठ्यासाठी.
तिनं हात पदराला पुसला
आणि दुसरी गड्डी फोडली.

पोच घेतली नाही, असं लिहायला हवं होतं.
मी लिहिलं : हुकूम बजावला.