मोरीच्या अलीकडे

सुराबर्डीच्या तलावामागे, सागाच्या रोपवनात
एप्रिलची सकाळ साडेसातलाच करपते.
आम्ही नऊ जण, आणि पुढे एक मोरी:
सिमेंटचा पाइप, वर मुरुमाचा रस्ता,
रस्त्यावर कुणाच्यातरी म्हशींचं कालचं शेण.
बाकी काही नाही.
काही नाही, हेच मला आवडलं नाही.

मूठ वर केली. मागचा पाचोळा थांबला.
(सागाचं वाळलं पान पापडासारखं मोडतं;
नऊ जण थांबल्यावर कळतं
किती आवाज करत होतो.)
पाण्याकडून टिटवी ओरडायला हवी होती.
म्हणजे कुणी आहे?
की टिटवीलाही उन्हाचा कंटाळा आलाय?

उस्ताद लाडे मागे बांधावर
छत्री उघडून, वहीत वेळ टिपत बसलेले.
काल वाळूच्या पाटावर त्यांनी हीच मोरी मांडली होती,
रिकामी काडेपेटी ठेवून. म्हणाले,
"मोरी कोणाले मारत नाही बाप्पा.
मोरीकडे पाहून राहिला, त्याले बाजूचा मारते."

तर बाजू.
डावीकडे उतार, बेशरमाची झाडं,
लपायला सोपं, पळायला चिखल.
उजवीकडे उंचवटा, तेंदूची झुडपं,
तिथून रस्ता तळहातासारखा दिसत असणार.
मी असतो तर उजवीकडे बसलो असतो.
म्हणजे तोही तिथेच.
किंवा मला हे सुचणार, हे त्याला ठाऊक आहे,
आणि म्हणून डावीकडे.
इथून पुढे विचार विहिरीतल्या बादलीसारखा
नुसता गोल फिरतो, भरत नाही.
कुठेतरी दोरी ओढायची असते.

कोवे आणि पेंदाम, उंचवट्याच्या पाठीमागून,
लांबचा फेरा, घाई नको.
तुमराम एलएमजी घेऊन जांभळीच्या बुडाशी,
जोडीला गजबे.
तिघांची तोंडं मागे,
कारण आलो ती वाट
आपण पाठ फिरवली की आपली राहत नाही.
उरलो दोघे. मी आणि सयाम.
मोरीत डोकावायला एक माणूस लागतो.

सयाम हलका चालतो, खरं आहे.
सयामची बहीण परवाच बुटीबोरीला कंपनीत लागली,
त्याचे पेढे मी दोनदा घेतले, तेही खरं.
सयामनं मागच्या आठवड्यात माझा पहारा केला, न कुरकुरता.
सयाम नाही म्हणणार नाही.
यातलं कोणतं कारण डावपेच
आणि कोणती नुसतीच सोय,
हे त्या क्षणी वेगळं करता आलं नाही.

बोट केलं.
तो गेला.

मोरीत एक कुत्री होती. चार पिल्लं, डोळे न उघडलेली.
उंचवट्यावर कोणी नव्हतं.
बेशरमात कोणी नव्हतं.
उस्तादांनी माणसं ठेवलीच नव्हती.
"चाळीस मिनिटं," छत्री मिटत ते म्हणाले,
"चाळीस मिनिटं खाली जागेले घेरून होते तुम्ही. बरं केलं.
रोज असंच खाली निघो."
मग वहीतून मान वर न करता:
"सयामले काहून पाठवलं?"

"हलका चालतो, सर."

पेन थांबलं.
"मी बी हेच लिहिलं होतं रिपोर्टात," उस्ताद म्हणाले,
आणि पाण्याची बाटली शोधू लागले,
जी त्यांच्या हातातच होती.

संध्याकाळी सुटी. वाडीच्या नाक्यावर
शहर बससाठी पलीकडे जायचं होतं.
सयाम पिल्लांबद्दल काहीतरी सांगत होता,
एकाचा कान कसा दुमडलेला,
आणि सांगता सांगता त्यानं पाय पुढे टाकला.
मी मागून त्याचा शर्ट धरला.
"काय झालं? गाडी येऊन राहिली का?"

अमरावती रोड, संध्याकाळची सहाची वेळ,
आणि कसा कोण जाणे, दोन्हीकडून मोकळा.
काही नव्हतं.
"थांब," मी म्हटलं. "मी पुढे होतो."