नमुन्याची ओळ

साचा आला तेव्हा रिकामा नव्हता.
बारा रकाने, डोक्यावर निळी पट्टी,
लाल फुली असलेले रकाने सक्तीचे,
आणि वाट दाखवायला दुसऱ्या ओळीत
एक खोटं बिल:
नमुना ट्रेडर्स, गल्ली क्रमांक १२३, इतवारी,
दहा हजार रुपये, येणे बाकी.
धरमपेठेतल्या सॉफ्टवेअरवाल्या पोरानं
हौसेनं पत्ताही आमच्याच बाजूचा टाकलेला.

त्याच्याखाली मी अकरा वर्षांचा बारदाना भरला.
लुनावत शेठच्या वह्या,
कळमन्याचे अडते, कामठीची राईस मिल,
तारखा कुठे टिंब देऊन, कुठे आडवी रेघ,
एका ठिकाणी नुसतंच 'मारबतीच्या दिवशी'.
मग शोधा, त्या साली पोळा कधी होता.
साचा तसलं काही चालवून घेत नाही.
स्वतः मात्र ००४७ चं बिल
गुपचूप ४७ करून ठेवतो
आणि वर साळसूद दिसतो.

मे महिना. कूलरमध्ये पाणी टाकायची पाळी
कुणाची होती, ते शेवटपर्यंत कळलं नाही.
तीनदा फाईल चढवली, तीनदा परत आली.
ओळ ६१२. ओळ ६१३. पुन्हा ओळ ६१२.
चौथ्यांदा हिरवी खूण:
एक हजार चारशे नऊ दस्तऐवज दाखल.
माझे होते एक हजार चारशे आठ.
मोजलं नाही. ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळून
घरी निघून गेले.

सोमवारी टेकचंद वसुलीची यादी घेऊन निघाला,
खिशात उन्हासाठी कांदा.
चारला परतला, ओठ सुकलेले.
"मॅडम, नमुना ट्रेडर्स काही भेटलं नाही.
पण पानठेल्यावाला म्हणे, हाव, होतं नं इथं.
मागच्या दिवाळीले शटर पाडलं.
मालक बहुतच सीधा माणूस होता म्हणे,
उधारीत गेला."

मी ओळ शोधली. डिलीट दाबलं.
उत्तर आलं: नोंदलेला दस्तऐवज पुसता येत नाही.
उलटी नोंद करा, कारण लिहा.
कारणाच्या रकान्याला लाल फुली.

काय लिहायचं?
'असा कुणी नव्हताच' लिहावं
तर पानठेल्यावर साक्षीदार बसलाय.
शेठनं चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं.
"दहाच हजार? राहू दे.
सीधा माणूस होता म्हणतात नं,
देईल."

तेव्हापासून दर एक तारखेला
सॉफ्टवेअर आपणहून पत्र काढतं:
आपणाकडील बाकी कृपया लवकर भरावी.
मी छापते, घडी घालते, पाकिटावर पत्ता लिहिते,
गल्ली क्रमांक १२३.
टेकचंद घेऊन जातो.

आजवर एकही पाकीट
परत आलेलं नाही.